घरच्या तव्यावरचं काफ्रियाल: तंगडी हाडापर्यंत चवदार कशी करायची

जून लागला की गोव्यात ट्रॉलर धक्क्याला लागतात. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी, त्यात पावसाची झड. बाजारात मासे अगदीच नसतात असं नाही, खाडीतले मिळतात, बर्फातलेही मिळतात. पण भाव ऐकून माणूस पुढे सरकतो. मग श्रावण लागेपर्यंत घरोघरी कोंबडी शिजते. आमच्या डिचोलीकडच्या घरांत कोंबडी म्हणजे शागुती, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची. तंगडीसुद्धा त्याच टोपात, बाकीच्या तुकड्यांसोबत. तंगडीला तिचं स्वतंत्र शिजवणं असतं, हे मला लग्नानंतर म्हापशाला राहायला आल्यावर कळलं. शेजारच्या आंटी रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्या की त्यांच्या खिडकीतून कोथिंबीर, लसूण आणि व्हिनेगरचा असा काही वास यायचा की हातातलं काम थांबायचं. ते काफ्रियाल, हिरव्या वाटणातली तव्यावरची कोंबडी.

त्यांच्याकडून मी ते शिकले आणि पुढची बारा-तेरा वर्षं करत आले. इथे सगळं सविस्तर सांगते, कारण काफ्रियालचं वाटण कुठेही लिहिलेलं मिळतं. तंगडी आतून अळणी का राहते, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. बाहेर झणझणीत मसाला आणि हाडाजवळ पांचट मांस ही घरच्या तंगडीची नेहमीची तक्रार. तिचं उत्तर मसाला वाढवण्यात नाही. आंटींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाय, मीठ पयलीं घाल, मसालो मागीर." मीठ आधी, मसाला नंतर. बाकीची कृती या एका वाक्याभोवती फिरते.

थोडं या नावाबद्दल

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1961 पर्यंत ते इथे होते. मोझांबिकही त्यांच्याच अमलाखाली होतं. तिथल्या लोकांना पोर्तुगीज ‘काफ्र’ म्हणत, आणि त्यांच्या पद्धतीची कोंबडी ती काफ्रियाल. हा पदार्थ पोर्तुगीज सैन्यातल्या आफ्रिकन शिपायांबरोबर गोव्यात आला असं मानतात. मोझांबिकमध्ये आजही या नावाने कोंबडी निखाऱ्यावर भाजतात. गोव्यात आल्यावर तिला हिरवं वाटण मिळालं, माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं आणि निखाऱ्यांऐवजी ती तव्यावर आली. म्हणून हॉटेलात काफ्रियाल म्हणून हिरवा पातळ रस्सा वाढतात तेव्हा मला वाईट वाटतं. काफ्रियालला रस्सा नसतो. मसाला तंगडीच्या अंगावर सुकलेला, खरपूस झालेला आणि बोटांनी पुसून खाण्याजोगा हवा.

तंगडी घेताना

चार माणसांसाठी 1 किलो, म्हणजे साधारण 9 ते 10 तंगड्या. एकेक तंगडी 100 ते 110 ग्रॅमची असली तर उत्तम. 150 ग्रॅमच्या मोठ्या तंगड्या दिसायला छान, पण तव्यावर त्या हाडापर्यंत शिजेतो बाहेरचा मसाला करपतो. सगळ्या एकाच मापाच्या मागून घ्या. एक लहान, एक मोठी असली की एक कोरडी होते आणि दुसरी कच्ची राहते.

ताजी तंगडी दाबली की परत फुगते, हाताला चिकट लागत नाही आणि तिला आंबूस वास नसतो. मांस फिकट गुलाबी असावं, कडेने करडं पडलेलं नसावं. पिशवीत लालसर पाणी बरंच साठलं असेल तर ती कोंबडी गोठवून परत सैल केलेली असण्याची शक्यता मोठी. मला एकदा ‘आत्ताच कापली’ म्हणून अशी तंगडी मिळाली होती. तव्यावर टाकल्यावर तिला इतकं पाणी सुटलं की भाजण्याऐवजी ती उकडत राहिली. तेव्हापासून मी समोर कापून घेते. गोठवलेलीच मिळत असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सैल होऊ द्या आणि निघालेलं पाणी टाकून द्या. ओट्यावर उघड्यावर सैल करू नका. गोव्याच्या हवेत वरचं मांस गरम होऊन खराब व्हायला लागतं तेव्हा आतलं अजून दगड असतं.

गावठी कोंबडी या कृतीला घेऊ नका. ती रश्श्यातच खुलते. तव्यावर अर्ध्या तासात तिची तंगडी दाताला चामड्यासारखी लागते.

कातडी ठेवायची की काढायची? आपल्याकडे दुकानदार न विचारता सोलून देतो. तव्यावरच्या काफ्रियालला सोललेली चालते, किंबहुना मसाला तिला चांगला धरतो. ओव्हनमध्ये करणार असाल तर मात्र कातडीसकट मागा, तीच मांसाला कोरडं पडू देत नाही.

धुणं, साफ करणं, चिरे देणं

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे, माझ्याही होती. पण धारेचे शिंतोडे दोन-दोन फुटांवर उडतात आणि त्यांच्याबरोबर कोंबडीवरचे जंतू सिंकच्या काठावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. ते धुण्याने मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. मी आता कागदी रुमालाने तंगडी नुसती पुसून घेते. मन मानतच नसेल तर भांड्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने खळबळून काढा, पाणी सावकाश ओता आणि नंतर सिंक साबणाने घासा. काहीही केलं तरी तंगडी शेवटी कोरडी पुसलीच पाहिजे. ओल्या अंगाला मसाला धरत नाही.

आता सुरी. तंगडीच्या बारीक टोकाला, जिथे पायाची घोटी असते, तिथे हाडापर्यंत गोल काप द्या. तिथे पांढऱ्या कडक शिरा असतात. त्या तुटल्या की शिजताना मांस वर सरकून गोळा होतं, हाड खाली मोकळं होतं आणि धरायला दांडा मिळतो. त्याच शिरा न कापता राहिल्या तर खाताना दातात अडकतात.

मग जाड भागावर चिरे. आंटी तंगडी डाव्या हातात उभी धरून सुरी अशी तिरकी चालवायच्या की चिरा हाडाला टेकला की ‘टक्’ असा हलका आवाज यायचा. तो आवाज हवा. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, दोन चिऱ्यांत बोटभर अंतर. वरवरचे चिरे उपयोगाचे नाहीत. हाडापर्यंत गेला तरच मसाला आत बसतो आणि उष्णताही आत पोचते. पण चारपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर शिजल्यावर तंगडी उलगडते.

मीठ आधी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे.

आले, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचा स्वाद मांसात फार आत शिरत नाही, रात्रभर ठेवलं तरी तो वरच्या थरातच राहतो. आतपर्यंत जातं ते मीठ. ते आधी मांसातलं थोडं पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग त्या खारट पाण्यासकट परत आत मुरतं. मीठ मुरलेलं मांस शिजताना आपलं पाणी धरून ठेवतं, म्हणून तंगडी रसाळ राहते. या सगळ्याला वेळ लागतो. मीठ वाटणात मिसळून दोन तासांपूर्वी लावलं तर वाटण खारट लागतं आणि हाडाजवळचं मांस अळणी.

प्रमाण सोपं आहे. 1 किलो तंगड्यांना 12 ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे चहाच्या चमच्याने सपाट 2 चमचे. शीग भरलेले चमचे घेऊ नका. जाडं मीठ वापरत असाल तर वजन करूनच घ्या, कारण चमच्यात ते कमी बसतं. मीठ तंगडीला चोळा, थोडं चिऱ्यांत बोटाने घाला, आणि ताटलीत एका थरात मांडून सैल झाकण ठेवून फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. खालचा कप्पा अशासाठी की पाणी गळालं तर दुधावर, भाजीवर पडू नये. रात्री मीठ लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करायच्या हे सगळ्यात चांगलं. घाई असेल तर निदान 4 तास द्या.

यानंतर वाटणात मीठ घालायचं नाही. बटाट्यांसाठी शेवटी चिमूटभर लागतं, तेवढंच.

हिरवं वाटण

1 किलो तंगड्यांसाठी लागणारं सामान असं. चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीचा; मोठा चमचा म्हणजे 15 मिलीचा.

कोथिंबीर एक मोठी जुडी, निवडून 100 ग्रॅम, कोवळ्या देठांसकट
हिरव्या मिरच्या 8 ते 10
लसूण सोलून 15 पाकळ्या
आलं दोन इंच
काळी मिरी दीड चमचा
जिरं एक चमचा
धणे एक मोठा चमचा
लवंगा 6
दालचिनी दोन इंच
हळद पाव चमचा
माडाच्या सुरेचं व्हिनेगर 2 मोठे चमचे
एका लिंबाचा रस
रम 2 मोठे चमचे
साखर अर्धा चमचा

देठ फेकू नका. कोथिंबिरीचा कडक सुगंध पानांपेक्षा देठात जास्त असतो आणि तव्यावर टिकतोही तोच. मिरच्या तुमच्या घराच्या जिभेप्रमाणे घ्या, पण सहाच्या खाली जाऊ नका. काफ्रियाल सौम्य केलं की ते पुदिन्याच्या चटणीतल्या कोंबडीसारखं लागायला लागतं.

व्हिनेगरबद्दल मी हट्टी आहे. माडावरून काढलेली सूर आंबवून केलेलं व्हिनेगर गोव्यातल्या कुठल्याही बाजारात मिळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घरगुती केलेल्या बाटल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. त्याचा आंबटपणा गोलसर असतो, मागे किंचित गोडी राहते. पांढरं कृत्रिम व्हिनेगर घशाला लागतं. सुरेचं व्हिनेगर नसेल तर ते पांढरं घालण्यापेक्षा चमचाभर चिंचेचा कोळ आणि लिंबू घ्या. रम घरात चालत नसेल तर सोडून द्या आणि साखर अर्ध्या चमच्याने वाढवा. पदार्थ अडत नाही. काही घरांत रमऐवजी काजूची फेणी घालतात. मला तिचा वास कोथिंबिरीवर चढलेला वाटतो, पण ज्यांना फेणी आवडते त्यांना ते फार आवडतं.

खडे मसाले कोरड्या तव्यावर मंद आचेवर दीड-दोन मिनिटं, नुसता वास सुटेपर्यंत गरम करा. रंग बदलू देऊ नका. शागुतीसारखे खमंग भाजले तर वाटण काळपट होतं आणि चव शागुतीकडे झुकते. गार करून आधी हे कोरडे मसाले बारीक करा. मग आलं, लसूण, मिरच्या आणि व्हिनेगर घालून फिरवा, आणि कोथिंबीर सगळ्यात शेवटी. लागलंच तर फ्रिजमधलं गार पाणी दोन-तीन चमचे, त्याहून जास्त नको. मिक्सर सलग फिरवत ठेवला की भांडं तापतं आणि हिरवा रंग तिथेच मरायला लागतो. थांबत थांबत फिरवा. पाटा-वरवंटा असेल आणि हाताला सवय असेल तर त्यावरच्या वाटणाला जो भरभरीतपणा येतो तो मिक्सरला येत नाही. तोच तव्यावर खरपूस होतो.

रंगाचं एक सांगते. आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग शेवाळी होतो. ते होणारच, त्याने चवीला काही होत नाही. पण ताजा हिरवा वास हवा असेल तर कोथिंबीर, एक मिरची आणि दोन लसूण पाकळ्या एवढंच वेगळं वाटून दोन मोठे चमचे बाजूला ठेवा, व्हिनेगर-लिंबू न घालता. ते शेवटच्या दोन मिनिटांत घालायचं.

मुरवणं

मीठ मुरलेल्या तंगड्यांचं सुटलेलं पाणी टाकून द्या आणि त्या परत पुसा. वाटण, लिंबाचा रस, रम, हळद आणि साखर एकत्र करून तंगड्यांना चोळा, चिरे बोटाने उघडून आत भरा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवा; ॲल्युमिनियमला आंबट लागू देऊ नका.

फ्रिजमध्ये 4 ते 6 तास पुरे. बरेच जण याही मसाल्यात रात्रभर ठेवतात, पण व्हिनेगर आणि लिंबू फार वेळ राहिलं की वरचं मांस आधी घट्ट आणि मग पिठूळ होतं. रात्र मिठाला द्या, दुपार मसाल्याला.

करायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. मे महिन्यात तेवढाही वेळ नको, पंधरा मिनिटं बस. कच्ची कोंबडी एरवी दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नसते, आणि हवा 32 अंशांच्या वर तापलेली असेल तर तासाच्या वर नाही.

तव्यावर

जाड बुडाचं पसरट भांडं हवं. बिडाचा तवा किंवा लंगडी असेल तर फार चांगलं; पातळ नॉनस्टिक पॅन एका जागी तापतो आणि मसाला तिथेच करपतो. तंगड्या एका थरात, एकमेकींना न दाबता बसल्या पाहिजेत. दहा इंची पॅनमध्ये सहाच मावतात, म्हणून मी दोन खेपा करते. एकाच खेपेत कोंबल्या तर वाफ कोंडते आणि त्या उकडल्या जातात.

तीन मोठे चमचे तेल तापवा. तंगड्यांवरचा जास्तीचा मसाला हाताने भांड्यात निपटून ठेवा, टाकू नका. मध्यम आचेवर तंगड्या ठेवा आणि दोन मिनिटं हलवू नका. नीट तापलेल्या तव्यावर मांस आधी चिकटतं आणि मग आपणहून सुटतं. ते सुटायच्या आधी ओढलं तर चामडं आणि मसाला तव्याला राहतो. सगळ्या बाजूंनी मिळून सहा-सात मिनिटं फिरवत राहा. तपकिरी ठिपके यायला लागले की आच मंद करा.

आता राहिलेला मसाला घाला, भांडं पाव कप पाण्याने विसळून तेही घाला आणि झाकण ठेवा. या मसाल्याला कच्च्या कोंबडीचा हात लागलेला आहे, तेव्हा तो चांगला उकळून शिजलाच पाहिजे, वरून लावायला कच्चा ठेवायचा नाही. 20 ते 25 मिनिटं मंद आचेवर, दर सात-आठ मिनिटांनी तंगड्या उलटून. झाकण काढल्यावर पाणी अगदीच आटलेलं दिसलं तर दोन चमचे गरम पाणी शिंपडा.

मी पहिल्यांदा सासरच्या माणसांसाठी काफ्रियाल केलं तेव्हा हीच वीस मिनिटं वाचवायला गेले होते. मोठ्या आचेवर तंगड्या सुंदर रंगल्या, ताटात गेल्या, आणि पहिल्याच घासाला हाडाजवळ कच्चं लाल मांस निघालं. सगळ्यांची ताटं परत घ्यावी लागली. तंगडीत हाड आहे, कूर्चा आहे, शिरा आहेत. छातीच्या मांसासारखी ती पटकन होत नाही, आणि तिला पटकन करायचीही नसते. तिच्यातले चिवट धागे सावकाश विरघळतात तेव्हाच ती ओठांना किंचित चिकट, मऊ लागते.

झाली की नाही कसं ओळखायचं? स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर त्याचं टोक जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश सेल्सियसला ती खायला निर्धोक होते, पण तंगडी चवीला 82 ते 85 अंशांवर खरी लागते. तेवढ्या उष्णतेने छातीचं मांस सुकून गेलं असतं, तंगडीचं मऊ होतं. थर्मामीटर नसेल तर घोटीकडे बघा, मांस हाडावरून बोटभर वर सरकलेलं दिसेल. चिऱ्यात सुरी घालून दाबल्यावर येणारा रस स्वच्छ हवा. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडालगत कधी कधी पूर्ण शिजल्यावरही लालसर छटा राहते, ती हाडातल्या मगजाची असते. रस स्वच्छ आणि मांस सुटं असेल तर घाबरू नका. मांसच पारदर्शक, रबरासारखं दिसत असेल तर मात्र परत झाकण ठेवा.

आवाज ऐका

झाकण काढा आणि आच मध्यम करा. आता आठ-दहा मिनिटं तव्यापासून हलायचं नाही. या मिनिटांत काफ्रियाल काफ्रियाल होतं.

सुरुवातीला मसाला खदखदतो, जड, ओला आवाज येतो आणि वाफ दिसते. हळूहळू बुडबुडे लहान होतात. मग एका क्षणी आवाज बदलतो, खदखद जाऊन चरचर सुरू होते. याचा अर्थ पाणी संपलं आणि मसाला तेलात तळला जातोय. कडेने तेल सुटलेलं दिसतं आणि वास बदलतो. कच्च्या लसणाचा उग्रपणा जाऊन भाजलेल्या लसणाचा गोडसर वास येतो. आता उलथन्याने तळाचा मसाला खरवडत तंगड्या त्यात लोळवत राहा. मसाला पातळ न राहता तंगडीच्या अंगाला शेणासारख्या घट्ट लेपाने बसला की बाजूला ठेवलेलं ताजं हिरवं वाटण घाला, दोन मिनिटं फिरवा आणि गॅस बंद करा.

चरचर सुरू झाल्यावर फोन आला तर उचलू नका. इथून करपायला दोन मिनिटं लागतात, आणि करपलेली कोथिंबीर कडू लागते. त्यावर काही उपाय नाही.

तंगड्या ताटात काढून पाच मिनिटं तशाच राहू द्या.

बटाटे त्याच तव्यात

तव्याला जो मसाला चिकटून राहतो तो बटाट्यांचा. दोन मोठे बटाटे आधीच लांबट फोडी करून मीठ घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडून, निथळून ठेवा. तंगड्या निघाल्या की चमचाभर तेल सोडून फोडी त्या तव्यात टाका आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. आमच्या घरात मुलं तंगडीआधी या फोडींवर हात मारतात. सोबत कांद्याच्या गोल चकत्या, टोमॅटो, काकडी आणि लिंबाची फोड. लिंबू खाताना पिळायचं, आधी नाही.

तव्याशिवाय

ओव्हन असेल तर 200 अंशांवर आधी तापवून, जाळीवर तंगड्या मांडून, खाली ट्रे ठेवून 40 ते 45 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. जाळी नसली तर खालची बाजू स्वतःच्या पाण्यात भिजते. उरलेला मसाला मात्र पॅनमध्ये वेगळा तेलात परतून आटवा आणि तंगड्या त्यात शेवटी लोळवा. ओव्हन मसाला वाळवतो, तळत नाही. एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं, तेलाचा हात लावून, तीही याच शेवटासह. प्रत्येक यंत्र थोडं वेगळं तापतं, म्हणून पहिल्या वेळी विसाव्या मिनिटाला उघडून बघा.

अंगणात निखारे करायची सोय असेल तर नारळाच्या करवंट्यांचे करा. ज्वाळा पूर्ण बसून राख धरू द्या, निखारे एका बाजूला ओढा, तंगड्या आधी दुसऱ्या बाजूला झाकून शिजवा आणि शेवटी निखाऱ्यांवर आणा.

कुकरमध्ये शिट्टी काढून मग तळायच्या हा मार्ग मला मान्य नाही. मिठाने आत नेलेली चव त्या पाण्यात उतरते.

कोथिंबीर महाग असेल तेव्हा

पावसाळ्यात जुडीचा भाव चढतो आणि पानं सडकी येतात. तेव्हा मी रेशाद मसाल्याची तंगडी करते. 12 ब्याडगी किंवा काश्मिरी सुक्या मिरच्या पाव कप सुरेच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवायच्या, त्यात 10 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, जिरं आणि मिरी एकेक चमचा, 6 लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच आणि चमचाभर साखर घालून गुळगुळीत वाटायचं. काणकोणची खोला मिरची किंवा पेडण्याकडची हरमलची मिरची मिळाली तर तीन-चार त्यातल्या घाला, चव एकदम गोव्याची होते. मीठ लावणं, मुरवणं, शिजवणं सगळं वरच्यासारखंच. फक्त या मसाल्यात साखर जास्त आणि मिरची सुकी, म्हणून शेवटची चरचर आणखी मंद आचेवर.

हा मसाला व्हिनेगरमुळे टिकतो. पाणी न लावता वाटला तर काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहतो, आणि मासे सुरू झाले की बांगड्याच्या पोटात भरायला तयार असतो. ‘रेशाद’ म्हणजे भरलेलं, त्याचं मूळ काम तेच.

खाणं आणि उरलेलं

काफ्रियालबरोबर भात नको. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आला की कोंड्याची पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, घ्या. आत पोकळ, बाहेर थोडी चिवट असलेली ही पोई तव्यातला शेवटचा मसाला पुसायला जशी लागते तशी चपाती लागत नाही.

उरल्या तर गार झाल्या झाल्या, दोन तासांच्या आत, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगल्या राहतात. परत गरम करताना तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, आतपर्यंत वाफाळल्यावर झाकण काढून पुन्हा चरचरू द्या. मी मुद्दाम दोन तंगड्या जास्त करते. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडावरचं मांस हाताने सोडवायचं, तव्यावर मसाल्यासकट गरम करायचं, पोईचं पोट फाडून त्यात भरायचं, वर कच्चा कांदा आणि लिंबू. मुलांचे शाळेचे डबे त्या दिवशी रिकामे परत येतात.